विहीर वर बघते तेव्हा

खिल्लारे ताईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, ओळंबा असायचा. भिंत सरळ उभी आहे की कलली, हे बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात तो पितळी ओळंबा. आखाडा बाळापूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात माझं डोकं दुखत होतं म्हणून त्यांच्याकडे गोळी मागितली. त्यांनी वह्या तपासता तपासता पर्स माझ्याकडे सरकवली. मी हात घातला आणि बोटांना काहीतरी थंड, जड, टोकदार लागलं. मी दचकून हात मागे घेतला, तर त्या वर न बघता म्हणाल्या, “चावत न्हाई ते. गोळ्या खालच्या कप्प्यात हायेत.”

मी मुळात भित्री. परभणीकडच्या एका शेतकरी घरात, भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको, असल्या तंबीवर वाढलेली. ताई भूगोल शिकवायच्या आणि कशालाच घाबरायच्या नाहीत, असं सगळी शाळा म्हणायची. मला पुष्कळ उशिरा कळलं की जगात एका जागेला त्या घाबरत होत्या. ती जागा कळमनुरीच्या पलीकडची एक विहीर होती, आणि त्यांचं निम्मं आयुष्य त्या विहिरीत डोकावायची हिंमत गोळा करण्यात गेलं होतं.

आता त्या पुण्याला लेकीकडे असतात. फोनवर बोलतात, हसतात, तिथल्या इमारतींच्या सावल्यांना नावं ठेवतात. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या बाळापूरच्या मैदानातल्या ताई. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे आणि या बाई छत्री न घेता उन्हात जाऊन उभ्या राहायच्या, मान खाली घालून. उंच, काटक, फिक्या रंगाची सुती साडी, पायात चामड्याच्या चपला. आपल्याच पायाशी पडलेल्या सावलीकडे बघत. पोरं त्यांना सावली मॅडम म्हणायची, आणि हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. घड्याळातले बारा हे मिर्झापूरचे बारा, देशभरची घड्याळं तिथल्या सूर्यावर लावलेली, आपले बारा सव्वाबाराच्या पुढंमागं वाजतात, असं त्यांचं म्हणणं. शाळेची घंटा त्यांच्या हातात असती तर आम्ही सगळेच रोज उशिरा जेवलो असतो.

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, वर्गाबाहेर आपली. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच: “बघितलं का ऐकलं?” शिपाई सांगत आला की हेडमास्तर रजेवर गेले, तर त्यालाही हेच. कुणाच्या सुनेबद्दल शिक्षकखोलीत काही निघालं, तर हेच. त्यांच्यासमोर चहाड्या करणं अवघड होऊन बसलं होतं, आणि याचा मला सुरुवातीला फार राग यायचा. चहाडी ही ऐकलेलीच असते. बघितलेली असली तर तिच्यात मजा नसते.

पृथ्वी गोल आहे हा धडा त्या कसा शिकवायच्या, ते मी खिडकीतून पाहिलं आहे. कशावरून गोल, असं विचारलं की पोरं म्हणणार, पुस्तकात दिलंय. म्हणजे ऐकलं. पुस्तकात जहाजाचं उदाहरण असायचं, लांब जाणाऱ्या जहाजाचं आधी बूड दिसेनासं होतं आणि मग शीड. आमच्या पोरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण. तेव्हा ताई जहाज बाजूला ठेवायच्या, खिडक्यांना पोती लावून वर्ग अंधारा करायच्या आणि डब्यातली भाकरी बाहेर काढायच्या. बॅटरीच्या उजेडात भाकरी भिंतीसमोर धरली की तिची सावली गोल. तीच भाकरी आडवी केली की सावलीची नुसती रेघ. मग पोरांचा रबरी चेंडू. तो कसाही फिरवला तरी सावली गोल ती गोलच. एवढं झालं की त्या सांगायच्या की चंद्राला ग्रहण लागतं ते पृथ्वीच्या सावलीचं, आणि त्या सावलीची कड जुन्या लोकांनी शेकडो वर्षं न्याहाळली, ती दर वेळी गोलच निघाली.

एका वर्षी चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. ताईंनी संध्याकाळी पोरांना मैदानात बोलावलं. निम्मी आलीच नाहीत, घरच्यांनी सोडली नाहीत. आली त्यांना त्यांनी भाजलेल्या शेंगा वाटल्या, कारण ग्रहणात खायचं नसतं. मी एक शेंग हातात धरून तशीच उभी होते. पूर्वेकडून खाल्लेल्या भाकरीसारखा चंद्र वर आला. रंग सुकलेल्या रक्ताचा. खाल्लेली कड मात्र गोल होती, अगदी त्या भिंतीवरल्यासारखी. मला पहिल्यांदा जाणवलं की ती सावली आपल्या पायाखालच्या जमिनीची आहे, म्हणजे माझीही आहे, आणि माझ्या अंगावर काटा आला. शेंग मी खाल्ली नाही.

पृथ्वीच्या मोजमापाची गोष्ट त्या भाकरीच्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी सांगायच्या. नावं त्या घ्यायच्या नाहीत. नाव पाठ केलं की पोरं काम विसरतात, असं त्यांचं मत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा तो ग्रीक माणूस त्यांच्या तोंडी फक्त ‘विहिरीवाला’ होता. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दक्षिणेला एक गाव होतं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भर दुपारी, तिथल्या विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचायचं, कारण सूर्य बरोबर डोक्यावर असायचा. त्याच दुपारी उत्तरेकडल्या मोठ्या शहरात मात्र खांबाला सावली पडायची. विहिरीवाल्याने त्या सावलीचा कोन मोजला, तो पुऱ्या वर्तुळाचा पन्नासावा भाग निघाला. म्हणजे दोन गावांमधलं अंतर पन्नास वेळा मांडलं की झाली अख्खी पृथ्वी. आपल्याकडचे जुने गणितीही बारा बोटं उंचीचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, रोवून रोज सावली मोजायचे, हेही त्या सांगायच्या. एकदा मागल्या बाकावरच्या एका पोरीने हात वर करून विचारलं, “मॅडम, त्यानं ती विहीर बघितली होती का ऐकली होती?” ताईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, ऐकली असावी. आणि त्या दिवशी तास लवकर सोडला.

त्याच वर्गात दुसऱ्या एकाने शंका काढली होती की जमीन सपाट असेल आणि सूर्यच जवळ असेल, तरी सावल्या वेगवेगळ्या पडतील की. मला वाटलं ताई चिडतील, पण त्यांचा चेहरा खुलला. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, त्या म्हणाल्या. विहीर एक खूण, चंद्रावरची गोल कड दुसरी, आणि उत्तरेकडे चालत जावं तसा ध्रुवतारा वर चढतो ही तिसरी. तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागल्या की मग बोलायचं.

विहिरीचं हे वेड नुसतं धड्यातलं नव्हतं. कळमनुरीच्या बाजारात त्या मला हात धरून म्हाताऱ्या बायांपाशी न्यायच्या. मी मेथीची जुडी शोधतेय आणि या कुणाच्या तरी आजीपुढे बसून विचारताहेत, “आजी, तुमच्या गावात विहीर कधी वर बघते?” काही जणी हसायच्या. काही जणी पदर सावरून इकडेतिकडे बघायच्या आणि मग हळू आवाजात सांगायच्या.

मला ती चाल त्यांच्यामुळेच कळली. वैशाखाचं ऊन चढलं की त्या भागातल्या काही गावांत जुन्या बाया रोज दुपारी अंगणात मुसळ सरळ उभं धरून बघतात. मुसळाची सावली दिवसागणिक आखडत जाते. ज्या दुपारी मुसळ सावली पुरती गिळतं, त्या दुपारी विहीर वर बघते. एरवी तळाला ऊन लागत नाही, त्या दिवशी लागतं. तेव्हा कुणी विहिरीत वाकलं तर त्याची सावली सरळ पाण्यात उतरते आणि विहीर ती ठेवून घेते. ज्याची सावली गेली ते माणूस मागोमाग जातं. म्हणून त्या दुपारी दारं लावून घरात बसायचं, विहिरीकडे फिरकायचं नाही. आता घरोघर नळ आहेत, बोअर आहेत, तरी मुसळ उभं धरणारी घरं अजून आहेत.

ताईंना यात एक सापडलं होतं. बाळापूरच्या बाजूला ही दुपार जेव्हा येते, त्यानंतर एखाद दिवसाने ती वर नरसीच्या बाजूला येते. मे महिन्यात सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून विहिरी दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक करून वर बघत जातात. मला हे त्यांनी एसटीत सांगितलं आणि मी खिडकीबाहेरच्या एकेका विहिरीकडे नव्याने बघू लागले. कुणीतरी जमिनीखालून चालत येतंय आणि एकेक झाकण उघडतंय असं काहीतरी मनात आलं. मी ते बोलून दाखवलं. ताई म्हणाल्या, मराठीच्या मास्तरणीला दुसरं काय सुचणार.

बाजारात व्हायची ती चर्चा झालीच. सावली मॅडम भानामती शिकून राहिल्यात, ओळंब्याने माणसाचं माप घेतात, त्यांना दुपारी सावली नसते. शेवटचं खरं होतं, वर्षातल्या दोन दुपारी. ताईंनी ते ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्नही विचारला नाही.

मग दिल्लीचं झालं. माझा भाऊ तिथे नोकरीला, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जाणार होते. ताईंना कळल्याबरोबर त्या घरी आल्या. त्यांनी मला नकाशा दाखवला. दिल्ली आपल्या बराबर वर हाय, म्हणाल्या, एकाच उभ्या रेघेवर, जवळपास हजार किलोमीटर. अंतर नकाशावरून घेणं ही चोरीच आहे हे त्यांनी आपण होऊन कबूल केलं. विहिरीवाल्याच्या काळी लांबची अंतरं उंटाच्या चालीवरून काढत, पण तसं दिल्लीपर्यंत मोजत जाणारं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी मला ओळंबा दिला, मीटरभर काठी दिली आणि दिवस सांगितला.

त्या दुपारी मी भावाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी काठी उभी करून बसले. वहिनी जिन्यातून दोनदा डोकावून गेली, तिसऱ्यांदा भावाला घेऊन आली. मी सावलीच्या टोकावर खडूने खुणा करत होते, सगळ्यात आखूड खूण धरायची होती. तेवढ्यात फोन वाजला. ताईंच्या मागे कसलाही आवाज नव्हता. त्या म्हणाल्या, “माझ्याकडं काहीच न्हाई. तुझ्याकडं किती?” मी सांगितलं. वीतभराहून थोडी कमी. त्यांनी तिथल्या तिथे कोन काढला. नऊ अंशांच्या आसपास. नऊ म्हणजे वर्तुळाचा चाळिसावा भाग. हजाराला चाळीसने गुणायचं. चाळीस हजार किलोमीटर. पुस्तकात तेच आहे.

मला हर्ष झाला, मी गच्चीवर टाळी वाजवली. मग त्या म्हणाल्या, “येवढी मोठी हाय बघ. अन् माझ्या मायला पाण्याला जायला एकच दुपार होती.”

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्याबद्दल विचारलं. शिक्षकखोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी ओळंबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, पोरांना धडा सांगतात त्याच आवाजात.

त्यांचं माहेर कळमनुरीच्या पलीकडे, रस्त्याला लागून. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. दुष्काळाच्या साली त्यांच्या बौद्ध वस्तीतला आड आटला. गावाच्या विहिरीला पाणी होतं, पण तिला वस्तीतल्या बायांनी हात लावायचा नाही. घागरी मांडून कडेला बसायचं, कुणाच्या मनात आलं तर ते वरून ओतणार. ताईंची माय, कौसाबाई, असं बसून बसून विटली होती. वर्षातली एकच दुपार अशी, की विहिरीपाशी चिटपाखरू नसायचं. वस्तीतल्या बायाही त्या दुपारी भिऊन घरात बसत. कौसाबाई तेवढी जायची. आधीचे दोनतीन उन्हाळे गेली होती आणि भरलेल्या घागरी घेऊन परत आली होती. विहीर आपल्याला काही करत नाही, तिला आपली तहान कळते, असं म्हणायची.

त्या वर्षी तिने लेकीला बरोबर घेतलं. पोर पाचसहा वर्षांची. तिला लांब बाभळीखाली बसवलं आणि सांगितलं, मी हाक मारीस्तोर डोळे मिटून घे, न्हाई तर विहीर तुला बघंल. पोरीने डोळे मिटले. हाक आली नाही.

“मी बघितलं न्हाई, वर्षा,” ताई म्हणाल्या. “मी नुसतं ऐकलं.”

काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. गावाने सांगितलं, विहिरीने नेली. वस्तीनेही तेच सांगितलं. त्यांच्या बापानेही मान डोलावली. सगळ्या जगाला एकच गोष्ट पाठ होती आणि ती बघितलेलं कुणीही नव्हतं. ताईंना एवढंच हवं होतं, माय एकटी पडली की तिच्यामागे कुणी होतं. आणि ते कळण्याची एकच जागा, एकच दुपार. त्या विहिरीच्या काठावर जायला त्यांचे पाय उचलत नव्हते. पृथ्वी मोजून झाली होती, ती विहीर राहिली होती.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी रस्ता रुंद व्हायला लागला आणि विहीर बुजवायचं ठरलं. जेसीबी येऊन उभी राहिली. ताईंनी सरपंचाला फोन करून ती दुपार तेवढी मागून घेतली. सरपंच तरुण होता, म्हणाला, घ्या मॅडम, त्या दुपारी तसंही आमचं कुणी तिकडं जात न्हाई. जुलैत पुन्हा एकदा सूर्य डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात आणि तोवर विहीर नसणार होती. म्हणून त्या मला म्हणाल्या, “मला एकटीनं होणार न्हाई. येशील का?” मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा रस्त्यावर गाड्या होत्या. गावात शिरलो आणि आवाज संपला. सगळी दारं लावलेली. एका अंगणात मुसळ भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, काम झालेलं. कुत्रीसुद्धा कुठे तरी गेली होती. विजेच्या खांबांना सावल्या नव्हत्या, कुंपणाला नव्हती, एका दाव्याच्या खुंटीला नव्हती. सावली नसली की वस्तू जमिनीवर टेकलेली वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ताई माझ्यापुढे चालत होत्या आणि त्यांच्या पायाखाली काही नव्हतं. मी माझ्या पायांकडे बघायचं टाळलं. मला फार भीती वाटत होती आणि ती त्यांना कळू नये म्हणून मी उगाच खाकरत होते.

विहीर जुनी, दगडी, कठडा नसलेली. मोटेचे दोन दगडी खांब अजून उभे होते. ताईंनी बरोबर आणलेलं दावं खांबाला बांधलं, एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं माझ्या. ओळंबा सोडून बघितला, त्याच्या टोकाभोवती कुठेच सावली नव्हती. मग त्या काठावर गेल्या. गुडघे टेकले, हात टेकले आणि इतक्या वर्षांनी खाली बघितलं.

मी लांबूनच विचारलं, काय दिसतंय. त्यांनी हळूहळू सांगितलं. पाणी हिरवट आहे, तळापर्यंत उजेड गेलाय. मधे माझं डोकं आहे, काळं, आणि त्याच्या चारी बाजूंनी किरणं फुटलीत. मी मागे सरकले. त्या म्हणाल्या, भिऊ नकोस, गढूळ पाण्यात तसं होतं. ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती किरणं दिसतात, दुसऱ्याच्या डोक्याभोवती दिसत नाहीत. मायने हे आधीच्या उन्हाळ्यांत बघितलं असणार, ती आपल्या सावलीला ओळखत असणार.

मग त्यांनी मला एक पाऊल मागे उभं केलं. पाण्यात काही आलं नाही. आणखी जवळ, त्यांच्या टाचांपाशी. तरी काही नाही, माझी सावली माझ्याच पायाखाली पडत होती. “आता तुला वाटंल तेव्हा ये,” त्या म्हणाल्या. “मला सांगू नको.”

मी चपला काढल्या. दगड तापलेला होता, तळवे भाजले. मी आवाज न करता त्यांच्या मागे गेले आणि त्यांच्या पाठीवर ओणवी झाले, इतकी की माझी हनुवटी त्यांच्या खांद्याला लागायची राहिली. खाली हिरवं, पेटल्यासारखं गोल पाणी. त्यात एक काळं डोकं. आणि त्याच्या कडेने दुसरं डोकं बाहेर आलं, किरणांसकट. ते माझं होतं.

“कोण हाय?” ताई म्हणाल्या.

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कोवळा, जरा लाडिक, पाण्याला आलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारावं तसा. मी म्हटलं, ताई, मी आहे, वर्षा. त्या तशाच वाकून राहिल्या.

मग आम्ही क्षणभर खांबाला टेकून बसलो. दावं कमरेला तसंच होतं. “माय बराबर असंच म्हणली,” त्या म्हणाल्या. “कोण हाय. अन् मग पाणी वाजलं. मला आजपस्तोर वाटायचं, तिला विहिरीत कुणी दिसलं.” मग त्यांनी जमिनीवर बोटाने आकृती काढली, फळ्यावर काढतात तशी. इतर दिवशी माणसाची सावली तिरपी पडते आणि विहिरीच्या भिंतीवरच अडते. त्या दुपारी ती सरळ खाली पडते. त्या दुपारी पाण्यात दुसरं डोकं यायचं असेल तर ते माणूस पाठीला चिकटलेलंच पाहिजे. वस्तीतली बाई असती तर ओरडली असती, बोलवायला धावली असती. मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. “व्हय,” त्या म्हणाल्या आणि आकृती पुसली.

परत निघालो ते गावातल्याच गल्लीने. दारं अजून बंद होती. गल्लीच्या शेवटी एक जुनं, पश्चिमेकडे तोंड केलेलं घर होतं, त्याचं दार हातभर उघडं होतं आणि फटीत एक म्हातारा उभा होता. वाळलेला, पांढरी बंडी, हातात काठी. त्या दुपारी बाहेर बघायचं नसतं, तरी तो बघत होता. कुठून, किती वेळ, मला सांगता येणार नाही. त्या घरावरून विहिरीचे दोन्ही खांब स्वच्छ दिसत होते.

ताई थांबल्या. म्हाताऱ्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ताई अगदी मायवर गेल्यात, असं त्यांची मावशी म्हणायची. त्याने विचारलं, “कोणाची गं तू?”

“कौसाची.”

म्हाताऱ्याची नजर खाली आली, ताईंच्या चेहऱ्यावरून पदरावर, पदरावरून पायांवर. पायांपाशी काहीच नव्हतं, नुसतं ऊन होतं. तो तिथे बघत राहिला आणि एक पाऊल मागे सरकला. मग दार लागलं, आतून कडी चढली. आम्ही दोघींनी त्याला काहीही विचारलं नव्हतं. विहिरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. दाराच्या आतून, अगदी जवळून, त्याचा आवाज आला.

“मी न्हवतो तिथं.”

मी ताईंचा हात धरून ओढला. त्या हलल्या नाहीत. दारासमोर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, त्या उभ्या राहिल्या, मैदानात उभ्या राहायच्या तशाच, मान खाली घालून. आत कुणी श्वास घेत होतं ते आम्हाला ऐकू येत होतं. सूर्य कलला. त्यांच्या टाचांपाशी आधी एक काळी कड आली, मग ती पुढे सरकू लागली, तुळतुळीत मातीवरून, उंबऱ्याकडे. ती उंबऱ्यावर चढून दाराच्या फळीला लागेपर्यंत ताई तिथून हलल्या नाहीत.